पोलीस असला तर दोन, नसला तर तीन

लोखंडाला दोन वेगवेगळे चार्ज का असतात, हे पालघरच्या कॉलेजात मला तीन वर्षं शिकवत होते. कळलं मात्र बोईसरच्या नाक्यावर, अर्ध्या मिनिटात, आणि तेही एका हवालदाराकडे बोट दाखवून.

लॉकडाऊन नुकता सैल झाला होता. मी बी.एस्सी. होऊन तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ट्रेनी केमिस्ट म्हणून लागले होते आणि सालवडला आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहत होते. कंपनीत जायचं ते शेअर रिक्षानं. एरवी रिक्षात मागे तिघं बसायचे, पण त्या दिवसांत दोघांनाच परवानगी होती. पहिल्या सकाळी माझ्याशेजारी पन्नाशी ओलांडलेले एक काटकुळे गृहस्थ येऊन बसले. मास्क हनुवटीवर, मांडीवर डब्याची पिशवी. तिसरा एक जण चढायला लागला तर ड्रायव्हर म्हणाला, "उतरो भाई, नाके पे पुलिस है. दो ही बैठेंगे." तो बिचारा उतरला. आणि माझ्या शेजारचे गृहस्थ स्वतःच्याच मांडीवर थाप मारून ओरडले, "सापडलं! फेरस!"

मी घाबरून पार कडेला सरकले. वाटलं, गेले हे कामातून.

"पोलीस असला तर दोन, नसला तर तीन," ते मला सांगायला लागले, जणू आमची वीस वर्षांची ओळख. "दोनवालं फेरस, तीनवालं फेरिक! लोखंडाची दोन नाटकं कशाला, म्हणून तीस वर्सं डोकं खाजवतोय मी. आणि उत्तर बगा कुठं उभं हाय, काठी घेऊन!"

हवालदारानं आमच्याकडे बघितलं. गृहस्थांनी त्याला हात केला. त्यानंही केला, बिचाऱ्याला काय माहीत आपण काय सिद्ध केलंय ते.

कंपनीत पोचले, लॅबचं दार उघडलं, तर हेच गृहस्थ आत बेसिनपाशी उभे. ते आमचे लॅब अटेंडंट. कागदावर त्यांचं काम काचेची भांडी धुणं, प्लांटमधून सँपल आणणं आणि बाटल्या भरणं. गाव दातिवरे, घरची होडी, सगळे भाऊ मासेमारीत. नववीत शाळेनं आणि ह्यांनी एकमेकांना सोडलं, काही वर्षं होडीवर काढली, पण समुद्रात ह्यांना ओकाऱ्या व्हायच्या म्हणून शेवटी घरच्यांनी कारखान्यात धाडलं. तेव्हापासून ते ह्याच लॅबमध्ये. ट्रेनी आले, शिकले, मोठ्या कंपन्यांत गेले, काका बेसिनपाशीच. सगळे त्यांना काकाच म्हणायचे, अगदी वयानं मोठे असलेलेसुद्धा.

त्यांचा सिद्धांत सोपा होता. धातू म्हणजे गाडी. प्लस चार्ज म्हणजे तिच्यातल्या रिकाम्या सीटा. मायनसवाले म्हणजे बसणारे. सोडियम, पोटॅशियम, चांदी ह्या सायकली, कॅरिअरवर एकच माणूस. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम म्हणजे मोटरसायकल, चालवणाऱ्याच्या मागे दोघं. ("आपल्याकडची मोटरसायकल हो म्याडम, कायद्यातली नाय.") अल्युमिनियम म्हणजे रिक्षा, मागे तिघं. आणि बोईसरचा नियम तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, सीट भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. तुम्ही कितीही घाईत असा, ड्रायव्हर ढिम्म हलत नाही. झालं, सगळं सूत्रलेखन ह्यात आलं. सायकलवर एक क्लोराईड, NaCl, सुटली. मोटरसायकलवर दोन, CaCl₂, सुटली. रिक्षात तीन, AlCl₃, सुटली. पॅसेंजर कमी पडला तर गाडी जागची हलणार नाही, जास्त झाला तर पकडली जाणार.

बसणाऱ्या कोण? तर फ्लोराईड, क्लोराईड, ब्रोमाईड आणि आयोडाईड. ह्या चार सख्ख्या बहिणी. काका त्यांच्याविषयी अशा आवाजात बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, दातिवऱ्याला ह्यांच्या शेजारीच राहतात. फ्लोराईड सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत तापट. "ॲसिडात मिसळली की काच खाते ती. तिला बाटलीत ठेवायची सोय नाय, प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडायची." क्लोराईड मनमिळाऊ. "लग्नाला बोलवा, बारशाला बोलवा, पयली हजर. समुद्रात ती, जेवणात ती, घामात ती." ब्रोमाईड जरा गप्प गप्प. आणि आयोडाईड लठ्ठ, "बसली की रिक्षा एका अंगाला कलते."

"पण सीट किती?" काका हात उंच करून विचारायचे.

"एकच!" आम्ही ट्रेनी ओरडायचो.

"एकच! जाडी असो, बारीक असो, चौघींना सीट एकच!"

आयनांच्या आकाराचा चार्जशी संबंध नसतो, हे वाक्य मी कॉलेजात पाठ केलं होतं. ते मला दिसलं इथं. मी एकदा खोड काढायला विचारलं, "आणि काका, ऑक्सिजन?" त्यांनी नाक मुरडलं. "ती आत्या. एकटीच येते आणि दोन सीटा अडवते." आजही मॅग्नेशियम ऑक्साईड लिहिताना मला एक आत्या मोटरसायकलवर ऐसपैस बसलेली दिसते आणि मी मीटिंगमध्ये उगाच हसते. लोक विचारतात, काय झालं? काय सांगणार, कपाळ!

त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असायची. सिल्व्हर नायट्रेटचे डाग, साबणानं जात नाहीत. सँपलमध्ये चौघींपैकी कुठली बहीण आहे ते ओळखायला त्याचे थेंब टाकायचे. पांढरं साकळलं तर क्लोराईड, सायीच्या रंगाचं झालं तर ब्रोमाईड, हळदीचं पुसट बोट फिरवल्यासारखं झालं तर आयोडाईड. काहीच झालं नाही तर काका खालच्या आवाजात म्हणायचे, "फ्लोराईड असंल. ती कुणाला सापडत नाय." मी ग्लोव्हज घाला म्हणून मागे लागले तर दुसऱ्या दिवशी घालून आले, पण बोटांची टोकं कात्रीनं कापलेली! "काय धरलंय ते कळाया नको?" म्हणाले. मी डोक्याला हात लावला. पुतणीच्या लग्नात बायकांनी विचारलं, काय हो, नवरीच्या आधी तुम्हीच मेंदी लावलीत? तर काकांनी सगळ्यांपुढे दोन्ही हात नाचवून दाखवले म्हणे.

रोज चहाच्या वेळी ते वाहतुकीचा अहवाल द्यायचे. "आज नाक्यावर चार फेरस गेल्या, एक फेरिक. फेरिकवाला पकडला." किंवा, "एका सोडियमवर आज दोन क्लोराईड बसल्या होत्या. पडल्या." आमचे सीनिअर केमिस्ट चहा नाकातून यायच्या बेतात असायचे.

आता माझी फजिती. ती लपवून कसं चालेल?

लागून महिना झाला नव्हता. कॅल्शियम क्लोराईडचा माल तपासायला आला. क्लोराईड किती आहे ते टायट्रेशननं काढायचं आणि त्यावरून माल किती शुद्ध ते सांगायचं. माझ्याकडे साध्या मिठाचा तयार तक्ता होता. मी शहाणी! त्यातच NaCl मधलं Na खोडलं, Ca लिहिलं, वजनं बदलली, आणि भराभर गणित केलं. उत्तर आलं एकशे अठ्ठावीस टक्के. अहो, माल शंभर टक्क्यांपेक्षा शुद्ध असतो का कधी? पण मी इतक्या आनंदात होते की कागद घेऊन थेट सीनिअरकडे निघाले. "फार चांगला माल आलाय सर," असं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं.

वाटेत काका बीकर पुसत उभे होते. त्यांनी कागदावर नुसती नजर टाकली आणि माझी वाट अडवली.

"म्याडम, मोटरसायकलवर एकच बसवलात."

"म्हणजे?"

"CaCl. दुसरी कुठाय? तिला नाक्यावर ठेवून आलात?"

मी कागदाकडे बघितलं. कान असे तापले म्हणता! धावत टेबलाशी गेले, CaCl₂ केलं, गणित पुन्हा मांडलं. चौऱ्याण्णव टक्के. काका बाजूला बीकर पुसत होते आणि खांदे हलत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाला अक्षर सांगितलं नाही. चहाच्या वेळी फक्त म्हणाले, "आज एका मोटरसायकलवाल्यानं अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. बायको मागं राहिली होती." मी चहा सांडला.

त्यांची खरी खोड मात्र वेगळीच होती. लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर छापील लेबलाखाली ते खडूनं किंवा मार्करनं एक छोटी गाडी काढायचे आणि तिच्यावर ठिपके. सायकल, एक ठिपका. रिक्षा, तीन ठिपके. मी विचारलं, सूत्र छापलेलं असताना हे कशाला? तर मला एका जुन्या डब्यापाशी नेलं. लेबलावर ॲसिडचे थेंब उडाले होते आणि FeCl च्या पुढचा आकडा गेला होता. "हा टिकलीएवढा आकडा सगळ्यात आदी पुसतो," ते म्हणाले. "आता सांगा, आत पोलीस हाय का नाय?" मला सांगता येईना. तेव्हापासून मीही ठिपके काढायला लागले, हे कबूल करते.

मग नवे क्वालिटी मॅनेजर आले.

माणूस वाईट नव्हता. नाशिककडचा, हुशार, नेटका, आणि डोक्यावर एका परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑडिटचं ओझं. पहिल्याच फेरीत त्यांनी एक बाटली उचलली. "ही रिक्षा कोणी काढली?" सगळे काकांकडे बघायला लागले. "ऑडिटरला काय सांगू मी? इथं रसायनं आहेत की स्टँड आहे?" दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. बाटल्यांवरची चित्रं पुसायची. आणि लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पंधरा दिवसांनी परीक्षा, लेखी आणि तोंडी. जो नापास होईल त्याला ड्रम यार्डात पाठवणार, रिकामे ड्रम धुवायला.

आम्हा पदवीवाल्यांना काय, हसण्यावारी नेलं. काकाही हसले. पण त्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी वाहतुकीचा अहवाल दिला नाही. निवृत्तीला चार वर्षं होती, आणि तीस वर्षांत त्यांनी एकदाही कुठल्या परीक्षेला तोंड दिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की काका घाबरलेत.

जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "चला, यार्ड बगून येऊ. कुठं जायचंय ते तरी बगू."

यार्ड कंपनीच्या पार मागे. पत्र्याची शेड, खाली चिखल, आणि जव्हार-मोखाड्याकडून हंगामापुरत्या कामाला आलेल्या दहा-बारा बाया. रबरी पाइपनं ड्रम धूत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा एकीनं ड्रमचं झाकण काढून पाइप आत घालायला उचलला होता. काकांनी लांबूनच ड्रमावरचं लेबल बघितलं. AlCl, पुढचा आकडा गेलेला. आणि तोंडाशी पिवळट भुकटी, तिच्यातून बारीक धूर. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. "पाणी नको! पाणी नको, बाय!" करत त्यांनी तिच्या हातातला पाइप हिसकला आणि लांब फेकला. आमच्या दोघांच्या अंगावर पाणीच पाणी. ते सुकं अल्युमिनियम क्लोराईड होतं. त्यात पाणी पडलं असतं तर ड्रमानं तिच्या तोंडावर ॲसिडची वाफ मारली असती. तो ड्रम तिथं यायलाच नको होता.

बाई चिडली होती. साहजिकच होतं, कोण कुठला म्हातारा येऊन पाइप हिसकतो!

"बाय, ह्यात काय होतं म्हाईत हाय?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"ड्रम हाय ना," ती म्हणाली.

"ड्रमात काय होतं?"

"ता कोन सांगंल? धुवा म्हनतात, धुतो."

आम्ही सुपरवायझरला बोलावून तो ड्रम बाजूला काढला. आम्ही परत निघालो. लॅबच्या दारात काका थांबून म्हणाले, "मला नाय जायचं तिथं. तिथं ढकललेल्या माणसाला कोण विचारतं? मी पण मग मुकाट धुवत बशीन."

तर मग काय, अभ्यास! मी पदर खोचला, म्हणजे ॲप्रन. काकांना रसायनशास्त्र शिकवायची गरज नव्हती. शिकवायचा होता आकडा. त्यांचा हात आकड्याकडे जायचाच नाही. मी म्हणायचे, "मॅग्नेशियम ब्रोमाईड लिहा." ते झोकात Mg लिहायचे, Br लिहायचे आणि खाली दोन गरगरीत ठिपके.

"काका, दोन! आकडा!"

"दोनच हायत की. मोजा."

रिक्षात उजळणी सुरू झाली. मी विचारायचे, काका सांगायचे. निर्बंध उठले होते, त्यामुळे मागे तिसरा पॅसेंजर असायचाच, आणि आठवडाभरात तोही भाग घ्यायला लागला. पंप ऑपरेटर, वेल्डर, एक नर्स, जो बसेल तो. "मॅडम, बेरियम आयोडाईड मी सांगू?" ड्रायव्हरनं एका सिग्नलला मागे वळून विचारलं, "चाचा, मैं कौन?" "तू? तू अल्युमिनियम!" तो इतका खूश झाला की स्टँडवर जाऊन त्यानं बाकीच्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी अख्खा स्टँड काकांना विचारत होता, मैं कौन, मैं कौन. एक सायकलवरचा पाववाला येऊन म्हणाला, मला पण काहीतरी द्या. त्याला सोडियम मिळालं.

लेखी परीक्षेत वीस सूत्रं होती. मी माझा पेपर देऊन बाहेर नखं खात उभी. काका बाहेर आले ते हसत हसत, दोन्ही हात वर. "वीसच्या वीस सुटल्या!"

मी विचारलं, "काय सुटल्या?"

"गाड्या!"

"काका! गाड्या काढल्यात?"

"पयले तीन आकडे काढले, तुमची शपथ. मग घाई झाली. घाईत आकडे कोण काढील?"

मला रडावं की त्यांना बदडावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी तोंडी. आत मॅनेजर, एचआरच्या मॅडम, आणि नोंदी लिहायला मी. एचआरच्या मॅडम कॉमर्सच्या, रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध चहातल्या साखरेपुरता. मॅनेजरांनी पेपर उलटा-सुलटा करून बघितला.

"काका, ही सायकल आहे का?"

"सायकलच साहेब."

"परीक्षेच्या पेपरात सायकल?"

"पोटॅशियम हाय."

एचआरच्या मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. मॅनेजर हसले नाहीत. "ठीक आहे. तोंडी सांगा. लोखंडाचा चार्ज किती?"

काकांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "नाक्यावर पोलीस हाय का?"

 मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. "काका, ही थट्टेची जागा नाही."

मला राहवेना. नोंदी लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं, पण मी उभीच राहिले. "सर, ते बरोबर विचारतायत! फेरस की फेरिक ते तुम्ही सांगितलं नाहीत." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, सायकली, मोटरसायकली, सीटा, चौघी बहिणी, लॉकडाऊन, हवालदार. सांगता सांगता माझा आवाज चिरकला. मॅनेजर ऐकत होते. चेहऱ्यावर रेषा हलेना.

"आणि तांबं?" त्यांनी काकांना विचारलं.

"एक सीट, नायतर दोन. त्याचं पण खालीवर असतं."

"टिन?"

"दोन, नायतर चार. चारवाली व्हॅन."

मॅनेजरांनी पीएच मीटरचा जुना इलेक्ट्रोड टेबलावर ठेवला. "ह्यात कॅलोमेल आहे. मर्क्युरस क्लोराईड, पाऱ्याचं, Hg₂Cl₂. मर्क्युरीची सीट इथं एकच आहे. मग सरळ HgCl का लिहीत नाहीत? दोन-दोन का?"

काका इलेक्ट्रोडकडे बघत राहिले. तीस वर्षं तो धुतला होता त्यांनी. बोटं हलली, ओठ हलले.  शेवटी म्हणाले, "म्हाईत नाय, साहेब."

मी डोळे मिटले. संपलं.

मॅनेजरांना बहुधा शिकवल्याशिवाय राहवलं नाही. म्हणाले, "मर्क्युरी ह्या रूपात एकटा राहतच नाही, काका. दोन मर्क्युरी एकमेकांना घट्ट धरून असतात. सुटत नाहीत."

काका खुर्चीतून उठले. "बांधलेले असतात?"

"तसंच काहीसं."

"दोन सायकली? एकमेकींला बांधलेल्या? आणि एकेकीच्या कॅरिअरवर एकेक?" त्यांनी मॅनेजरांच्या पुढ्यातला मार्कर ओढून घेतला, भिंतीवरच्या फळ्यावर दोन सायकली काढल्या, मध्ये दोरी, मागे दोन ठिपके. "सुटली! अवो सुटली की साहेब! आमच्या गावात आंब्याच्या पाट्या अशाच नेतात!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी मॅनेजरांच्या पाठीत अशी थाप मारली की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. परीक्षा आहे, नोकरी पणाला लागलीय, सगळं विसरले होते ते. मॅनेजर आधी दचकले, आणि मग हसायला लागले. जे हसायला लागले ते थांबेचनात.

तेवढ्यात एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. म्हणजे अल्युमिनियम फ्लोराईड असेल तर AlF₃ होईल ना? बारीक असली तरी सीट एकच, म्हणून तीन?"

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्याच विचारायला लागल्या, "बरोबर आलं का? अय्या! मी दहावीत केमिस्ट्रीत काठावर पास झाले होते!"

 मॅनेजरांनी काकांचा पेपर पुढे ओढला, लाल पेन घेतलं, पहिले तीन आकडे बघितले आणि एकेका गाडीवरचे ठिपके मोजत गेले. वीसच्या वीस बरोबर. त्यांनी वर मोठ्या अक्षरात पास लिहिलं आणि खाली सही केली.

त्या संध्याकाळी लॅबमध्ये काय धिंगाणा झाला, विचारू नका. सामोसे आले. कुणीतरी काकांना उचललं. मी तर नाचले, खोटं कशाला बोलू? मॅनेजर येऊन बाटल्यांवरचे ठिपके राहू द्या म्हणाले, ऑडिटरला मी बघतो. काकांनी पेपर चार वेळा पिशवीतून काढून बघितला आणि चार वेळा आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. हातात कोरा कागद. "म्याडम, एक अर्ज लिवून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय."

"कसला अर्ज?"

"बदलीचा. ड्रम यार्डात."

मला वाटलं थट्टा. तोंड बघितलं तर थट्टा नव्हती. मग मात्र माझं डोकं फिरलं. "काका, वेड लागलंय का तुम्हाला? पंधरा दिवस घसा फोडला मी! सगळ्या रिक्षावाल्यांना कामाला लावलं! तिथं जायला लागू नये म्हणून परीक्षा दिलीत ना? तिथंच जायचं होतं तर पास कशाला झालात?"

त्यांनी ऐकून घेतलं. माझा पट्टा संपेपर्यंत थांबले. मग माझ्या पुढ्यातलं स्टूल ओढून बसले आणि पहिल्यांदा मला म्याडम म्हणाले नाहीत.

"नापास माणसाचं तिथं कोण ऐकंल, बाय?" ते म्हणाले. "आता मी पास हाय. त्या बायांना सांगीन आत काय हाय ते, आणि सुपरवायझरला ऐकावंच लागंल."

मी अर्ज लिहिला. कारण म्हणून काय लिहू ते विचारलं, तर म्हणाले, तिथल्या बायांना माहीत नाही, एवढंच लिवा. तेवढंच लिहिलं. कागदावर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडून शाई पसरली, म्हणून अर्ज दुसऱ्यांदा लिहावा लागला.